पट्टी उतरवावी की भूमिका सोडावी? (‘सौभद्र’मधल्या कृष्णाविषयी)

काळीदोन

नमस्कार मंडळी. गेली २२ वर्षे मी आमच्या हौशी संस्थेच्या ‘संगीत सौभद्र’मध्ये कृष्णाची भूमिका करतो आहे. माझे वय ५४ आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मी गणित आणि विज्ञान शिकवतो. नाटक हा माझा पोटापाण्याचा उद्योग कधीच नव्हता, तरी वर्षाचे सारे वेळापत्रक मात्र मी नाटकाभोवतीच आखत आलो. गणपती आटोपले की आमच्या नकला, म्हणजे संवादांच्या वह्या, कपाटातून बाहेर निघतात, नवरात्रात बैठ्या तालमी होतात, दिवाळीनंतर उभ्या तालमी सुरू होतात आणि शिमग्यापर्यंत प्रयोग चालतात. त्यानंतर आंब्याचा हंगाम येतो आणि आमचा बलराम बागायतदार असल्यामुळे पावसापर्यंत नाटक बंद असते. तालीम रात्री साडेनऊच्या आधी कधीच लागत नाही, कारण औषधांचे दुकान बंद करून येणारा अर्जुन आणि एसटीची पाळी संपवून येणारा नारद त्याआधी मोकळा होत नाही. हे सगळे मी तक्रार म्हणून सांगत नाही. असे आयुष्य मला मिळाले याचे मला मनापासून समाधान आहे.

प्रश्न आवाजाचा आहे. मी पहिल्यापासून काळी दोन या पट्टीत गातो, म्हणजे पेटीवरची दुसरी काळी पट्टी हा माझा षड्ज, ‘सा’. मागच्या फेब्रुवारीत एका गावच्या उत्सवात प्रयोग होता. रुक्मिणीला उद्देशून म्हणायचे ‘प्रिये पहा’ हे पद सुरू होते आणि वरच्या सप्तकातल्या ज्या जागेवर मी इतकी वर्षे डोळे मिटून जात होतो, तिथे आवाज फाटला. मी लगेच खाली उतरून मध्य सप्तकात समेवर आलो आणि पद पुढे नेले. प्रेक्षकांपैकी किती जणांच्या ते लक्षात आले, हे मला कळले नाही. पण समोर बसलेल्या रुक्मिणीने पदराशी चाळा करणारा हात थांबवून माझ्याकडे पाहिले. ती नाटकातली नजर नव्हती. पंधरा वर्षे सोबत काम करणाऱ्या बाईंची काळजीची नजर होती.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासले. स्वरतंतूंवर गाठ वगैरे काही नाही. दिवसाचे पाच-सहा तास वर्गात मोठ्याने बोलणे, तालमीनंतर रात्री साडेबाराला जेवणे आणि वय, अशी तीन कारणे त्यांनी सांगितली. वर्गात मी आता फळ्यावर जास्त लिहितो आणि कमी बोलतो, रात्रीचे जेवण संध्याकाळी सातला उरकतो, पहाटे खर्ज भरतो, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज करतो. फरक पडला आहे, पण गेलेला वरचा स्वर परत आलेला नाही. काळी एकमध्ये, म्हणजे एक पूर्ण स्वर खाली, मी आजही निर्धास्त गातो.

आता कुणीही म्हणेल की मग काळी एकमध्ये गावे, त्यात एवढे विचारायचे काय? मैफल असती तर मीही विचारले नसते. मैफलीत पट्टी गायकाची असते. नाटकातली पट्टी साऱ्या संस्थेची असते, असे मला इतक्या वर्षांत कळले आहे. माझी पट्टी बदलली की ऑर्गनवाल्यांची बोटे बदलतात, तबला बदलतो, माझ्या वाक्यानंतर पद उचलणाऱ्या सुभद्रेचा कान बदलतो. एका माणसाच्या गळ्यासाठी इतक्यांना हलवणे योग्य आहे का, की अशा वेळी माणसाने मुकुट उतरवून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवावा? माझ्यापेक्षा जाणत्या लोकांचे मत हवे आहे.

पायपेटी

काळीदोन सर, मी ३० वर्षे संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतो आहे आणि आपला प्रश्न वाचून मला बरे वाटले, कारण हा प्रश्न साथीदारांना सहसा कुणी विचारत नाही. प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळी गायक येतो, “आज जरा अर्धा स्वर खाली घ्या,” म्हणतो आणि मेकअपला निघून जातो.

आमच्या बाजूने सांगायचे तर पट्टी बदलणे अशक्य अजिबात नाही. सगळ्या पट्ट्यांत वाजवता यावे, हे आम्हाला शिकवलेलेच असते. मात्र नाटकातली साथ ही पदापुरती नसते. गद्य चालू असताना पदाचा स्वर हळूच देऊन ठेवणे, नटाच्या शेवटच्या शब्दावर सूर धरणे, पात्र विंगेत जाताना पदाची ओळ मागे वाजवत ठेवणे, ही कामे हाताला इतकी सवयीची झालेली असतात की डोळे नटाकडे असतात आणि बोटे आपोआप जातात. पट्टी बदलली की पहिले आठ-दहा दिवस डोळे ऑर्गनच्या पट्ट्यांकडे जातात आणि नट एकटा पडतो. त्यामुळे माझे सांगणे एवढेच आहे की पट्टी बदलायचीच असेल तर ती पहिल्या बैठ्या तालमीला बदला, रंगीत तालमीला नव्हे.

दुसरी गोष्ट ऐतिहासिक आहे. उंच पट्टीचा जो धाक आपल्या सगळ्यांच्या मनात आहे, तो कुठून आला याचा विचार व्हायला हवा. किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात आले आणि ‘सौभद्र’ १८८२ साली आले. तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द ऐकू जायचा असेल तर आवाज उंच आणि टोकदार लागत असे. शिवाय सगळी पात्रे पुरुषच करीत. सुभद्रेची भूमिका भाऊराव कोल्हटकर करीत. त्या गरजेतून आलेली उंच पट्टी आपण पुढे शौर्याचे लक्षण मानून बसलो. आज कृष्णाच्या कॉलरला माइक लावलेला असतो. शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्याची अडचण संपली, तरी आपण गळा मात्र त्या काळाच्या हिशेबाने ताणतो आहोत.

आणखी एक. ‘सौभद्र’मधली पदे मुळात लहान, कथा पुढे नेणारी आहेत. साकी, दिंडी अशी कीर्तनातून कानावर असलेली वळणे त्यात आहेत. ख्यालाचा विस्तार रंगभूमीवर प्रामुख्याने आला तो नंतर, १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या तेव्हा. पुढच्या गायक-नटांनी ‘सौभद्र’च्या पदांनाही तो विस्तार दिला आणि तो सुंदरच आहे, छोटा गंधर्वांचा कृष्ण ऐकलेला माणूस ते कसे नाकारील? पण तो विस्तार म्हणजे नाटकाची अट नव्हे. वरच्या सप्तकात न जाताही कृष्ण पूर्ण होतो.

विंगेतून

मी प्रॉम्प्टर आहे. विंगेत उभे राहून मला एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे नट घाबरलेला आहे की नाही. वरच्या जागेची भीती मनात घेऊन उभा राहिलेला नट त्या पदाच्या आधीची चार वाक्ये भराभर उरकतो. भीती जाणार असेल तर पट्टी जरूर उतरवा, गद्य सुधारेल.

तबला_डग्गा

मी तबल्याच्या बाजूने थोडे तपशिलात लिहितो, कारण या प्रश्नाची खरी गाठ तिथे आहे आणि वरच्या चर्चेत ती अजून आलेली नाही.

काळीदोन सरांची पट्टी काळी दोन आहे. बहुतेक संस्थांमधल्या सुभद्रा काळी चारमध्ये गातात, आपल्याकडेही तसेच असावे असे मी धरून चालतो. काळी दोनचा मध्यम, म्हणजे ‘म’, काळी चारवर येतो. म्हणजे पुरुषाच्या मध्यमाला स्त्रीचा षड्ज, ही संगीत नाटकातली जुनी सोय आहे. तिचा एक मोठा फायदा असा की काळी चारचा पंचम, म्हणजे ‘प’, पुन्हा काळी दोनच येतो. त्यामुळे काळी दोनला मिळवलेला एकच तबला कृष्णाच्या पदांना षड्जाला लागतो आणि सुभद्रेच्या पदांना पंचमाला लागतो. प्रवेश बदलला, पात्र बदलले, तरी तबलजीला हातोडी उचलावी लागत नाही. ज्यांनी ही जुळणी पहिल्यांदा केली असेल, त्यांना मी मनोमन नमस्कार करतो.

आता कृष्ण काळी एकमध्ये आला आणि सुभद्रा काळी चारमध्येच राहिली, तर काळी एक हा तिचा मध्यम होतो. काळी एकचा तबला तिच्या पदांना मध्यमात वाजेल आणि ज्या रागांत पंचम ठळक आहे तिथे तो कानाला टोचेल. म्हणजे दोन तबले मांडून बसणे आले. तेही करता येते, अनेक जण करतात. पण कोकणातल्या उघड्या मंडपात रात्री दहिवर पडायला लागले की कातडे ओल धरते आणि तबला उतरतो. एकच तबला असेल तर तो वाजत्या हाताखाली राहतो, उतरल्याचे लगेच कळते आणि गद्यात दोन ठोके मारून तो चढवता येतो. बाजूला थंड पडलेला दुसरा तबला किती उतरला आहे, हे त्यावर पहिली थाप पडेपर्यंत कळत नाही, आणि ती थाप सुभद्रेच्या पदाच्या समेवर पडलेली असते. माझ्यावर हा प्रसंग ओढवलेला आहे. त्या बाईंनी पुढचे संपूर्ण पद तबल्याकडे कान बंद करून केवळ ऑर्गनवर गायले आणि मी अत्यंत हलक्या हाताने ठेका धरून राहिलो.

काळी दोनचाच तबला सैल करून काळी एकवर आणता येईल का, असे कुणी विचारील. अर्धा स्वर उतरतो. पूर्ण स्वर उतरवला की गट्टे (वाद्या ताणणारे लाकडी ठोकळे) ढिले पडतात, आस (गुंजत राहणारा नाद) जाते आणि तबला बोलेनासा होतो. त्यासाठी मोठ्या तोंडाचा तबलाच हवा.

काळीचार

मी सुभद्रा करते. दोन जिल्ह्यांतल्या चार हौशी संस्थांसाठी करते आणि मानधन घेते, हे आधीच सांगितलेले बरे. अनेक गावांत संस्थेतल्या संस्थेत गाणारी स्त्री मिळत नाही, म्हणून आमच्यासारख्यांना बाहेरून बोलावतात. घरातली कामे, मुलांच्या परीक्षा, नोकरी हे सगळे सांभाळून मी एका संस्थेला जेमतेम दोन-तीन तालमी देऊ शकते. त्यामुळे माझी काळी चार ठरलेली असणे हीच माझ्यासाठी एकमेव शाश्वती असते. गाव नवे असते, अर्जुन नवा असतो, रंगमंचाची खोली नवी असते, पण ऑर्गनवर काळी चार धरली की मी घरी आल्यासारखी होते.

तबला_डग्गा यांनी लिहिलेली अडचण शंभर टक्के खरी आहे. पण मला यात गळ्याविषयी एक सांगायचे आहे, जे बायका आपसांत बोलतात आणि जाहीरपणे बोलत नाहीत. मी पूर्वी काळी पाचमध्ये गात होते. दुसऱ्या बाळंतपणानंतर आवाज खाली आला. वर्षभर मी तो नाकारला, ओढून काळी पाचमध्येच गात राहिले आणि घसा इतका सुजला की एक संपूर्ण हंगाम घरी बसावे लागले. नंतर माझ्या गुरुजींनी मला शांतपणे काळी चारवर आणले. प्रेक्षकांपैकी कुणालाही फरक जाणवला नाही. उलट एका आजींनी प्रयोगानंतर हात धरून सांगितले की “बाय, आज तुझा शब्दन् शब्द कळला.” वरच्या पट्टीत मी स्वर गाठण्याच्या धडपडीत शब्द चावत होते, हे मला तेव्हा समजले. आणखी काही वर्षांनी वयाप्रमाणे आवाज पुन्हा उतरेल, तेव्हाही मी उतरेन.

तेव्हा काळीदोन सर, आपल्या सुभद्रेला नुसते कळवू नका, तिला विचारा. आम्ही बाहेरून येणाऱ्या, म्हणून आम्हाला बहुधा ठरलेले निर्णय सांगितले जातात. मला कुणी वेळेवर, सन्मानाने विचारले असते, तर मी अर्धा स्वर आनंदाने सरकले असते.

सातासमुद्रापार

मी अमेरिकेत असतो. आमच्या महाराष्ट्र मंडळात दर दोन-तीन वर्षांनी जुन्या संगीत नाटकातले काही प्रवेश आम्ही बसवतो. इथे पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारायचा ऑर्गन, मिळत नाही, कीबोर्ड असतो आणि त्यावर एक बटण दाबले की पट्टी बदलते. सुरुवातीला ही फार मोठी सोय वाटली. ज्याने त्याने आपापल्या पट्टीत गावे, असे ठरले. कृष्ण पांढरी एकमध्ये, रुक्मिणी काळी तीनमध्ये, नारद काळी एकमध्ये, अर्जुन पांढरी तीनमध्ये. प्रत्येकाचे पद स्वतंत्रपणे उत्तम झाले. प्रयोग पाहिल्यावर मात्र आमच्यातल्या एका ज्येष्ठ बाई म्हणाल्या की हा गाण्यांचा कार्यक्रम झाला, मध्ये मध्ये बोलणे होते.

त्याचे कारण मला पुढे उमगले. एका पदाचा सूर कानात राहतो, त्याच सुरावर पुढचे गद्य तरंगते आणि त्याच सुराच्या नात्यातून पुढचे पद उगवते. दर वेळी नवी पट्टी लावली की कान पुसला जातो. “नाटकातली पट्टी साऱ्या संस्थेची असते,” हे काळीदोन यांचे वाक्य वाचल्यावर आमची चूक मला नेमकेपणाने समजली. पुढच्या खेपेला आम्ही दोनच पट्ट्या ठरवल्या, एक पुरुषांची आणि एक स्त्रियांची, आणि ज्याला त्यात गाता येईल त्यालाच ती भूमिका दिली.

मंडपातला

मी गोव्यातला, फोंडा तालुक्यातला. आमच्याकडे जत्रेला आणि उत्सवाला देवळापुढच्या मंडपात नाटक होते, आणि ते गावचे नाटक असते. मास्टर दीनानाथ आणि अभिषेकीबुवा हे दोघेही मंगेशीचे. त्या मातीत लहानाचे मोठे झालेल्या माणसाला नाट्यपद हे मैफलीच्या आधी देवळापुढे ऐकू आलेले असते. त्यामुळे आमच्या गावात “भूमिका सोडली” असा शब्द कुणी वापरत नाही, “भूमिका पुढे गेली” असे म्हणतात.

माझ्या वडिलांनी कृष्ण केला, त्याआधी त्यांनी लहानपणी नटी केली होती. कृष्ण पुढे गेल्यावर ते सूत्रधार झाले आणि शेवटची अकरा वर्षे त्यांनी फक्त नांदी म्हटली. मला आठवते ते असे: रात्री पालखी देवळात परत आली की मंडपात माणसे चटया टाकून जागा धरीत, वडील घरूनच फेटा बांधून येत, ऑर्गनवाल्याजवळ उकिडवे बसून स्वर ऐकत आणि तो मनासारखा लागला की मगच उठत. नांदी ही सगळ्यांनी मिळून म्हणायची असल्यामुळे ती पुरुषांच्या मधल्या पट्टीत असे आणि त्यांच्या उतरलेल्या आवाजाला ती बरोबर बसत असे. त्यांच्या सुराने नाटक सुरू होते आहे, याचा त्यांना कृष्णाच्या वन्समोअरपेक्षाही जास्त अभिमान होता. ते हे स्वतः सांगत.

मी स्वतः कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत उतरलो आहे. स्पर्धेचे दडपण वेगळे असते, हे मला मान्य आहे. तिथे परीक्षक गायनाला स्वतंत्र गुण देतात आणि तरुण आवाजाशेजारी आपला आवाज तोलला जातो. पण आपले नाटक मुख्यतः उत्सवातले दिसते. उत्सवातले प्रेक्षक आपल्याला ओळखतात. त्यांनी आपल्या वडिलांना ऐकलेले असते आणि उद्या आपल्या मुलाला ते ऐकणार असतात. त्यांच्यासमोर पट्टी उतरवून गायला लाज कसली?

घटोत्कच

मी वयाने लहान आहे, त्यामुळे थोडे भीतभीत लिहितो. मी एका संस्थेत नऊ वर्षे घटोत्कच करतो आणि नांदीच्या कोरसमध्ये उभा राहतो. शास्त्रीय गाणे मी सात वर्षे शिकलो आहे. आमच्या संस्थेतल्या ज्येष्ठ कलाकारांविषयी मला नितांत आदर आहे, कारण पद कसे उचलायचे, गाताना समोरच्या पात्राकडे कसे पाहायचे, हे मला त्यांच्याकडे पाहूनच कळले. पण कृष्णाची भूमिका कधी माझ्याकडे येईल का, हे नऊ वर्षांत एकदाही कुणी बोललेले नाही. माझ्याबरोबर आलेले तिघे पुण्या-मुंबईला नोकरीला गेले आणि परत आले नाहीत. त्यांना कुणी सांगितले असते की तीन वर्षांनी अर्जुन तुझा आहे, तर निदान एक जण शनिवार-रविवारच्या गाडीने तालमीला येत राहिला असता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

काळीदोन सरांनी पट्टी उतरवावी की नाही, हे मी सांगू शकत नाही. त्यांनी कुणाला तरी शेजारी बसवून शिकवायला आजच सुरुवात करावी, एवढीच विनंती आहे.

काळीदोन

सर्वांचे मनापासून आभार. मी चार दिवस उत्तर दिले नाही, कारण प्रत्येक प्रतिसाद मी आमच्या संस्थेच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यावर आमची दोन रात्री चर्चा झाली.

सर्वांत आधी घटोत्कच यांना. आपले पत्र वाचताना मला आमच्याच संस्थेतला एक मुलगा डोळ्यांसमोर आला. तोही घटोत्कचच करतो. तो विंगेत माझ्या पदांच्या वेळी ओठ हलवतो, हे मी कित्येक वर्षे पाहत आलो आणि त्याचा अर्थ मी कधी विचारात घेतला नाही. ही माझी चूक आहे. या हंगामापासून तो माझ्याबरोबर कृष्णाच्या प्रत्येक तालमीला बसेल, आठवड्यातून एक तालीम तो पूर्णपणे कृष्ण म्हणून उभा राहील, आणि पुढच्या वर्षीच्या उत्सवात कृष्ण त्याचा असेल. हे मी त्याला सगळ्यांसमोर सांगितले आहे. त्याचा आवाज काळी दोनला सहज जातो. मंडपातला यांनी सांगितल्याप्रमाणे त्यानंतर मला नांदी म्हणायची आहे, आणि ती कल्पना मनात आल्यापासून मला हलके वाटते आहे.

आता या वर्षाचे. आम्ही एक तालीम केवळ पट्टीसाठी ठेवली. ‘प्रिये पहा’ मी तीन वेळा म्हटले. काळी दोनमध्ये पुन्हा तीच भीती वाटली आणि विंगेतून यांनी लिहिलेले तंतोतंत घडले, आधीचे गद्य मी उरकले. काळी एकमध्ये गाणे अगदी सोपे झाले, पण आमच्या रुक्मिणीबाई म्हणाल्या की कृष्ण जरा निजलेला वाटतो. मग आमच्या ऑर्गनवाल्यांनी काही न बोलता पांढरी दोन धरली. काळी दोनपेक्षा फक्त अर्धा स्वर खाली. त्या पट्टीत वरची जागा मला दिसत होती आणि तिथे जायचे की अलीकडेच थांबायचे, हे माझ्या हातात होते. मी थांबलो. पहाटेच्या वेळी जवळ बसलेल्या बायकोशी बोलणारा माणूस जितका मोठा आवाज काढील, तितकाच मी काढला, आणि हे पद मी २२ वर्षे गरजेपेक्षा मोठ्याने म्हणत होतो, असे मला प्रथमच वाटले.

उरली सुभद्रा. मी त्यांना फोन करून सगळे सांगितले आणि काळीचार यांचा प्रतिसादही वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “सर, मग मी पांढरी पाच घेते.” पांढरी दोनचा मध्यम पांढरी पाच, आणि पांढरी पाचचा पंचम पुन्हा पांढरी दोन. म्हणजे तबला_डग्गा यांनी सांगितलेले जुने नाते जसेच्या तसे राहिले आणि सारे नाटकच अर्धा स्वर खाली आले. आमच्या तबलजींनी आहे तोच तबला अर्धा स्वर उतरवून पाहिला, आस शाबूत आहे. अर्जुन आणि नारद या दोघांनाही ही पट्टी चालते. अर्जुनाने तर कबूल केले की काळी दोन त्याला गेली तीन वर्षे जड जात होती आणि माझ्यामुळे तो बोलत नव्हता.

एक अडचण मात्र राहिली आहे. आमची पायपेटी संस्थेच्या मालकीची, फार जुनी आहे. मधल्या सप्तकातली पांढरी दोन दाबली की सूर लगेच लागत नाही, आधी हवा फुसफुसते आणि मग दबका सूर येतो. काळी दोनमध्ये ती पट्टी आमच्या पदांत क्वचितच लागत असल्यामुळे इतकी वर्षे कुणी लक्ष दिले नाही. आता तीच षड्ज झाली आहे. दुरुस्ती करणारे कारागीर आमच्या भागात आता उरलेले नाहीत. पायपेटी, आपण काही सुचवू शकाल का?

पायपेटी

सर, बहुधा सुराच्या, म्हणजे आवाज देणाऱ्या पितळी तुकड्याच्या, जिभेखाली धूळ किंवा कसर अडकली आहे. घाबरण्यासारखे काही नाही. पेटीची मागची फळी काढा. सूर आपापल्या खाचांत ओळीने बसवलेले दिसतील. पांढरी दोनचा सूर कोणता, हे पट्टी दाबून कानाने नक्की करा. सुराच्या टोकाला खाच असते, तिच्यात हुक अडकवून तो सरळ रेषेत बाहेर ओढा. हुक बहुधा पेटीतच आतल्या बाजूला ठेवलेला असतो, नसेल तर पक्कड अजिबात लावू नका, जाड तारेचे टोक कानशीने घासून वाकवून घ्या. सूर बाहेर आला की पितळेच्या जिभेवर रंगाच्या मऊ, कोरड्या ब्रशने हलकेच झाडा आणि जीभ व चौकट यांच्या फटीतून पातळ कागदाची पट्टी एकदा सरकवा. जीभ बोटाने उचलू नका, ती वाकली तर सूर कायमचा उतरेल. पाण्याचा किंवा तेलाचा थेंबही लावू नका. ज्या बाजूने सूर निघाला त्याच बाजूने तो परत पूर्ण आत बसवा, अर्धवट राहिला तर पुन्हा हवा फुसफुसेल. खाचेतली धूळही त्याच ब्रशने काढून घ्या.

हे करूनही सूर दबकाच लागला, तर पट्टीखालच्या झडपेचे कातडे कडक झाले असण्याची शक्यता आहे. मग मला पेटीच्या आतले दोन-तीन फोटो पाठवा. दिवाळीनंतर मी एका प्रयोगासाठी चिपळूणला येणार आहे, तिथून आपल्या गावी येऊन जाईन.